अंदाजपंचे ठेकेदारी

"सर, आपल्या सावली गावात जाहिरात चालत नाही."

कोणती जाहिरात? कोणत्या गावात? कोणत्या महिन्यात? नव्या घरासाठी की गळक्या स्लॅबच्या दुरुस्तीसाठी? पैसे किती घातलेस, फोन किती आले, त्यातून कामं किती झाली? एकाचंही उत्तर तुझ्याकडे नाही. निकाल मात्र जिभेवर तयार. चौकशी न करताच शिक्षा सुनावून मोकळा झालास.

तू ढ असतास तर मी हा कागद काळा केला नसता. वर्गातल्या ढ पोरांना मी कधी रागावलो नाही, त्यांना दोनदा समजावून सांगितलं. बोलणी कोणाला बसतात? ज्याला येतं आणि जो करत नाही त्याला. तू सिव्हिलचा डिप्लोमा केलास. प्लिंथची लेव्हल पाण्याच्या नळीनं स्वतः बघतोस, मिस्त्रीवर सोडत नाहीस. ट्रॅक्टर आला की रेती मुठीत घेऊन चोळतोस, बाटलीत पाणी घालून हलवतोस आणि गाळ किती बसतो ते पाहतोस. वीट वाजवून घेतोस. तुझं काम चांगलं आहे, हे मी तुझ्या तोंडावर सांगतो. म्हणूनच राग येतो.

काँक्रीटवर तू आंधळा विश्वास ठेवतोस का? शाळेच्या इमारतीचं काम होतं तेव्हा दीडशे मिलिमीटरचे ठोकळे भरलेस, पाण्यात ठेवलेस. सातव्या दिवशी फोडून घेतलेस, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा फोडून घेतलेस. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. आणि ठोकळा एक नाही, तीन. काहून? एका ठोकळ्यावरून निकाल काढायचा नसतो म्हणून. मग जाहिरातीला काय धाड भरली? तिथं ना ठोकळा, ना मोजमाप, ना अठ्ठावीस दिवसांचा धीर. तिसऱ्या दिवशी फोन वाजला नाही की तुझा निकाल लागला, "चालत नाही."

गेल्या दिवाळीचंच घे. पेपरात घालून पत्रकं वाटलीस. त्याच आठवड्यात ऑटोवर भोंगा लावून फिरवलास. त्याच आठवड्यात मोबाइलवर रील टाकलंस, पैसे भरून ते पसरवलंस. त्याच आठवड्यात बसस्टँडजवळ फ्लेक्स लावलास. मग काही फोन आले. कशामुळे आले? "सगळ्यामुळंच थोडे थोडे." हे उत्तर म्हणायचं का? चार औषधं एकदम पोटात गेल्यावर ताप कोणत्या गोळीनं उतरला हे वैद्यालाही सांगता येत नाही, इतकं तरी तुला कळायला हवं होतं. आता यंदा पुन्हा चारही करणार? त्यातली तीन फुकट असतील तर? चौथीच खरी असेल आणि पैसे कमी पडले म्हणून नेमकी तीच गाळलीस तर?

आणि तो फ्लेक्स. तोही स्वतःच्या कामाचा कुठं होता? नेत्याच्या वाढदिवसाचा. वर नेता, खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा, त्यात एका कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा तुझा चेहरा. नाव वाचायला माणसाला गाडी थांबवून फ्लेक्सजवळ जावं लागेल. त्याचे पैसे तू 'जाहिरात' म्हणून खर्चात धरतोस. खरं सांग, त्या फ्लेक्सनं तुला आजवर एक तरी घर दिलं? कोणी माणूस आला आणि म्हणाला, साहेबांच्या वाढदिवसाला तुमचा फोटो पाहिला, माझा स्लॅब टाकून द्या? आला नाही. येणारही नाही. तो खर्च ओळख ठेवण्याचा आहे, मनातल्या भीतीचा आहे. करायचा तर कर, पण त्याला जाहिरात म्हणून स्वतःच्या डोळ्यांत धूळ फेकू नकोस.

आता तुझं दुसरं पालुपद. "आपली माऊथ पब्लिसिटी आहे सर." कोणाचं तोंड? कोणापाशी उघडलं? व्याहाडच्या ज्या शिक्षकाचं घर तू बांधलंस, त्यानं किती जणांना तुझं नाव सांगितलं? माहीत नाही. त्याच्या घराच्या मागच्या भिंतीला ओल आली, तू दोन महिने गेला नाहीस, ते त्यानं किती जणांना सांगितलं? तेही माहीत नाही. तोंडी कीर्ती ही खरी गोष्ट आहे, आपल्या भागात तर सगळ्यांत खरी. पण तू ती मेहनत करून मिळवत नाहीस, नुसती तिच्या नावावर झोपतोस. काहीच न करण्याला तू एक इंग्रजी नाव देऊन ठेवलं आहेस.

दहा रुपयांची एक वही घे. फोन आला की पहिला प्रश्न, "माझा नंबर कुठून मिळाला?" उत्तर येईल, "असंच, कोणीतरी सांगितलं." तिथं गप्प बसायचं नाही. कोणी सांगितलं? कुठं भेटले? काय म्हणाले? माणसं सांगतात, विचारणाराच विचारत नाही. मग लिही. तारीख, गाव, काम काय, नंबर कुठून मिळाला, जागा पाहायला कधी गेलास, इस्टिमेट कधी दिलंस, किती दिलंस, काम मिळालं की नाही, नाही तर कोणाला गेलं. एका फोनला एक ओळ. अर्धं मिनिट लागतं. वेळ नाही म्हणतोस? बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर रोज संध्याकाळी बसायला वेळ आहे. दुसऱ्या ठेकेदारानं सिमेंट किती खाल्लं याची चर्चा करायला वेळ आहे. स्वतःच्या धंद्याची एक ओळ लिहायला वेळ नाही?

माणसाच्या आठवणीवर सगळा भार टाकायचा नाही, हेही ध्यानात घे. तुझ्या मोबाइलमध्ये दोन सिमं आहेत. पत्रकावर एक नंबर छाप, कार्डावर दुसरा. कोणत्या सिमवर वाजलं ते मोबाइलच सांगेल. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाच्या जाहिरातवाल्यानं १९२३ साली जाहिरात मोजून करण्यावर पुस्तक लिहिलं. त्याची रीत साधी होती. जाहिरातीत कुपन छापायचं, कोणत्या जाहिरातीचं कुपन किती आलं ते मोजायचं, आणि कमी पडली ती जाहिरात बंद करायची. शंभर वर्षं होऊन गेली या गोष्टीला. तुझ्या खिशात त्याच्या कुपनापेक्षा शंभरपट चांगलं यंत्र आहे आणि तू त्यावर रील बघतोस.

म्हणशील, ते अमेरिकेत. आपण जंगलातली माणसं. सावलीसारख्या गावात काय प्रयोग करायचे? मग ऐक. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन याच सावलीत भरलं, गांधीजी इथं येऊन राहिले. खादीचं काम तेव्हा इथं उभं होतं. गावाच्या अंगात काही नाही असं म्हणणाऱ्यानं आधी गाव वाचावं. आणि ते जुनं वाटत असेल तर नागभीड तालुक्यातल्या नांदेडला जा. दादाजी खोब्रागडे तिथले. शाळा तिसरीपर्यंत. जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. आपल्याला दिसल्या असत्या तर आपण काय केलं असतं? "अरे वा" म्हणून पुढं गेलो असतो. ते पुढं गेले नाहीत. त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या. बाकीच्या धानात मिसळू दिल्या नाहीत. वर्षामागून वर्ष तेच. दाणा बघितला, उतारा बघितला, भात शिजवून चव बघितली. त्यातून जे वाण निघालं त्याला तेव्हाच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. आज तो तांदूळ तुझ्या ताटात आहे. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हातून मिळाला. ३ जून २०१८ ला ते गेले. त्यांच्या वाणावर दुसरे गबर झाले, त्यांना स्वतःला हाल सोसावे लागले, हे आपल्या समाजाला शोभलं नाही. पण ती आपली लाज, त्यांच्या रीतीत खोट नव्हती.

तिसरी शिकलेल्या माणसानं जे केलं ते डिप्लोमावाल्याला जमत नाही? त्यांनी काय केलं ते नीट बघ. वेगळं काढलं. वेगळं ठेवलं. मिसळू दिलं नाही. मोजलं. पुन्हा केलं. तू चार जाहिराती एका आठवड्यात कालवतोस आणि मग कपाळाला हात लावतोस.

"पत्रकं चालतात, मी पाहिलंय ना सर," असंही तू एकदा म्हणाला होतास. कुठं वाटली होतीस ती? पाथरीकडच्या गावांत, आसोलामेंढा तलावाचं पाणी कालव्यानं जिथं पोचतं तिथं. आणि जिथं वाटली नाहीस ती गावं नुसत्या पावसावरची. मग फोन पत्रकानं आणले की कालव्यानं? ज्याच्या बांधीला हमखास पाणी आहे तो घर काढणारच, तुझं पत्रक वाचो न वाचो. हा घोळ तुला दिसला नाही असं मी मानत नाही. दिसला, पण आवडला नाही. आपल्या मनासारखं उत्तर मिळालं की माणूस पुढं विचारत नाही.

यावरचा उताराही शेतातूनच आलेला आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर काम करत होता. कोणत्या वाफ्यात कोणतं खत घालायचं हे आपल्या मर्जीनं ठरवलं तर चांगली जमीन नकळत आवडत्या खताच्या वाट्याला जाते, हे त्यानं ओळखलं. म्हणून त्यानं ते नशिबावर सोडलं. चिठ्ठ्या टाकायच्या. १९३५ साली त्यानं प्रयोगांच्या मांडणीवर पुस्तक लिहिलं. आज औषधांच्या चाचण्याही याच पायावर उभ्या आहेत.

तुला इतकं मोठं काही करायचं नाही. बारा गावं घे. सहा कालव्याखालची, सहा पावसावरची. प्रत्येक सहांच्या वेगळ्या चिठ्ठ्या कर. तीन गावांत पत्रकं, तीन गावांत पत्रक नाही, तिथं तू स्वतः जायचंस. बांधलेल्या घरांचे फोटो आणि दराचा कागद घेऊन. पानठेल्यावर, दुकानात, दोन जाणत्या माणसांकडं. दोन्हीकडं खर्च सारखा धर, त्यात तुझं पेट्रोल आणि तुझा बुडालेला दिवसही धर. स्वतःचा दिवस फुकट समजणारा ठेकेदार भिकेला लागतो. मग धीर धर. आठ दिवस नाही, पुरा हंगाम.

हंगामाचं तरी तुला मी सांगावं का? तू धान पिकवणाऱ्या बापाचा मुलगा आहेस. कापणी-मळणी झाली, धान केंद्रावर गेलं, पैसे हातात आले, मग माणूस घराचा विषय काढतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, घरोघरी पाहुणे उतरतात. सोयरीक तेव्हा जुळते, आणि सोयरीक जुळली की वाढीव खोली, पक्की मोरी, पुढचा व्हरांडा हे सगळं निघतं. उन्हाळ्यात बांधायचं, पावसाआधी छत टाकायचं. मे महिन्यात मजूर तेंदूपत्त्याला जातात हेही तुला ठाऊक आहे. आणि दिवाळीची सोडली तर तू पत्रकं छापतोस कधी? जुलैत! रोवणी चालू असताना, माणूस गुडघाभर चिखलात असताना. त्याला तेव्हा नवं घर दाखवतोस आणि फोन आला नाही म्हणून पत्रकाला शिव्या देतोस. जुलैत पत्रक काढायचंच तर गळतीचं काढ. छत गळतं त्या रात्री माणूस नंबर शोधतो. हा वेगळा प्रयोग आहे, वेगळ्या पानावर लिही. जुलैची पत्रकं आणि जानेवारीची भेटगाठ यांची तुलना करून मला उत्तर आणून दाखवू नकोस.

त्या पत्रकावर लिहिलंय तरी काय? "सर्व प्रकारची बांधकामे योग्य दरात करून मिळतील." वर देव, खाली प्रोप्रायटर, बाजूला तीन नातलगांची नावं. मूल असो, ब्रह्मपुरी असो, गडचिरोली असो, प्रत्येक ठेकेदाराचं पत्रक हेच. योग्य दर म्हणजे किती? चौरस फुटाला किती? मजुरीचा किती, मालासकट किती? त्यात सळाख किती, रंग धरलाय की नाही? काही नाही. ज्याला घर बांधायचंय त्याची रात्रीची झोप ज्या प्रश्नानं उडते, तेवढाच प्रश्न तू गाळलास. दर छापला तर लोक घासाघीस करतील म्हणतोस. करतील का? छापून पाहिलंस कधी? निम्म्या पत्रकांवर दर छाप, निम्म्यांवर नको. दोन रंगांचा कागद वापर, म्हणजे हातात घेऊन आला की कळेल. फरक करायचा तर असा ठसठशीत कर. तुझ्याकडं वर्षाला हजार गिऱ्हाईकं येत नाहीत, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घरं तू बांधतोस. अक्षर निळं की लाल असले बारीक प्रयोग मोठ्या कंपन्यांनी करावेत, त्यांच्याकडं लाखांनी माणसं आहेत. तू मोठा फरक कर, म्हणजे थोड्या माणसांतही दिसेल. आणि एका गावातून तीन फोन, दुसऱ्यातून दोन, एवढ्यावर नाचू नकोस. नाणं उडवलं तरी एवढा फरक पडतो. पुढच्या हंगामात पुन्हा कर. पुन्हा तेच निघालं तर मान.

मोजायचं काय, तिथंही तू स्वतःला फसवतोस. रीलला किती लोकांनी अंगठा दाखवला ते तुला पाठ आहे. त्यातले पुण्यातले किती, बारावीची पोरं किती? अंगठ्यानं पाया खणला जात नाही. फोनही पुरेसा नाही. समज, पत्रकांवर ४,००० रुपये गेले, १६ फोन आले, काम १ मिळालं. चालू कामांवर नावाचे फलक लावायला ४,००० गेले, फोन ५ आले, कामं २ मिळाली. फोन मोजशील तर पत्रकाचा एक फोन २५० रुपयांना पडला आणि फलकाचा ८०० ला, पत्रक जिंकलं. काम मोजशील तर पत्रकाचं एक काम ४,००० ला, फलकाचं २,००० ला. निकाल उलटला. आणि पत्रकाचं ते एक काम संडासाच्या दुरुस्तीचं असेल, फलकाच्या दोनांत एक पुरं घर असेल तर? मग बोलायलाच नको. हे गणित पाचवीचं आहे. तू केलं नाहीस, कारण करायला वही लागते.

फलकावरून आठवलं. तुझी तीन कामं रस्त्यावर चालू आहेत. मूल-गडचिरोली रस्त्यानं दिवसभर माणसं जातात, नदीपलीकडं नोकरी करणारे शिक्षक जातात, कर्मचारी जातात. त्यातल्या एका तरी कामावर तुझं नाव आहे का? नाही. सिमेंट कंपनीचं आहे. ती कंपनी तुझ्या घामावर आपली जाहिरात करून घेते. गूगलच्या नकाशावर नाव टाकलंस म्हणालास. टाकलंस खरं, पण फोन जुन्या सिमचा आहे आणि फोटो एकही नाही.

आता मुद्द्याचं. तू वही का ठेवत नाहीस हे मला कळलंय. वेळ नाही म्हणून नव्हे. तुला उत्तराची भीती वाटते.

वही ठेवलीस तर पहिल्या दोन पानांतच दिसेल की फोन येत होते. जाहिरात चालत होती. फोन तू उचलत नव्हतास. सेंट्रिंगवर असतोस, उचलता येत नाही, मान्य. संध्याकाळी परत केलास? वाघाच्या भागात अंधार पडायच्या आत मजूर घरी पोचवायचे असतात, तेही मान्य. रात्री आठ वाजता कोणता वाघ तुझा फोन धरून बसला होता? ज्यांचा उचललास, त्यांची जागा पाहायला किती दिवसांनी गेलास? गेलास तर इस्टिमेट कधी दिलंस? कागदाच्या चिटोऱ्यावर एक आकडा लिहून, "बसून बोलू" म्हणून निघून आलास. दुसरा ठेकेदार त्याच आठवड्यात छापील कागद घेऊन गेला. काम त्याला मिळालं. तू घरी येऊन म्हणालास, दर पाडला त्यानं. विचारलंस का त्या घरमालकाला? काम हातचं गेल्यावर महिन्यानं जायचं आणि नम्रपणे विचारायचं, "दादा, माझ्यात काय कमी पडलं?" एवढं एक वाक्य तुला हजार पत्रकांपेक्षा जास्त शिकवेल. पण ते विचारायला छाती लागते. "लोक नात्यातल्यालाच काम देतात" म्हणायला छाती लागत नाही. देतातही काही जण. किती जण? तेही वहीच सांगेल.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फोन न उचलणाऱ्यानं जाहिरात वाढवली तर न उचललेले फोन वाढतात, नाराज माणसं वाढतात. पैसे देऊन स्वतःची बदनामी विकत घ्यायची ही रीत. म्हणून पहिला प्रयोग फुकटचा आहे. एक महिना, आलेला प्रत्येक फोन त्याच दिवशी परत करायचा, तीन दिवसांत जागा पाहायची, आठवड्यात लेखी इस्टिमेट द्यायचं. कामं किती मिळाली ते आधीच्या महिन्याशी ताडून बघायचं. ताडून बघायला आधीच्या महिन्याचं लिहिलेलं हवं, ते तुझ्याकडं नाही. म्हणजे पहिला महिना नुसतं लिहायचं. टाळाटाळीचं व्याज असं भरावं लागतं.

दुसरा प्रयोगही जवळपास फुकटचा. तू आजवर बांधलेल्या घरांची यादी कर. निम्म्या घरांच्या चिठ्ठ्या उचल. पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्या निम्म्या घरी जा, न बोलावता. छत बघ, पॅरापेट बघ, भिंतीला ओल आहे का बघ. असेल तर दुरुस्त कर, पैसे मागू नकोस. निघताना विचार, ओळखीत कोणी घर काढतंय का? उरलेल्या निम्म्या घरी जाऊ नकोस. वर्षअखेर वही उघडून बघ, कोणत्या निम्म्यांकडून किती नावं आली. आपल्या भागात पाऊस सोडत नाही, आणि पावसानंतर न बोलावता आलेला ठेकेदार मी अजून पाहिलेला नाही. माझा अंदाज आहे, सगळ्यांत स्वस्त जाहिरात हीच निघेल. पण माझ्याही अंदाजावर जाऊ नकोस. मोजून बघ आणि मी चुकीचा निघालो तर येऊन तोंडावर सांग, मला आनंदच होईल.

तू म्हणशील, सर, चंद्रपूरचे मोठे ठेकेदार इकडं उतरायला लागलेत, आपलं काय चालणार. उतरू दे. त्यांना निफंद्रा कुठं आणि हरांबा कुठं ते माहीत नाही. कोणत्या गावचं धान कधी विकलं जातं, कोणाच्या घरी लग्न ठरलंय, कोणाच्या कवेलूच्या घराचे वासे उधईनं खाल्लेत, हे तुला चहा पिता पिता कळतं. ही माहिती विकत मिळत नाही. ती डोक्यात ठेवून सडवतोस आणि त्यांच्यासारखंच पत्रक छापून त्यांच्याच मैदानात हरायला जातोस. तुझ्याकडं पैसा कमी आहे म्हणूनच तुला चुकायला परवडत नाही, आणि म्हणूनच तुला मोजायची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे. पैसेवाला अंदाजावर उडवू शकतो. तुझ्या हाताखाली आठ माणसं आहेत. काम नसलं की त्यांच्या घरी चूल कशावर पेटते ते तू पाहिलंयस. तुझा आळस तुझ्या एकट्याला महाग पडत नाही.

धान अजून उभं आहे, कापणीला वेळ आहे. तोवर छापखान्यात पाय ठेवू नकोस, रीलवर एक रुपया घालू नकोस. येत्या रविवारी सकाळी बारा गावांच्या चिठ्ठ्या करून माझ्याकडं ये. चिठ्ठ्या मी उचलीन, कारण तू उचललीस तर सोयीची गावं निघतील. येताना न उचललेल्या फोनचे नंबरही घेऊन ये, माझ्यासमोर बसून एकेकाला लावायचे.